बदाम सात

वसुधा पागनीसच्या पिशवीत काय काय असतं, हे कोर्टातल्या शिपायांनासुद्धा पाठ होतं. पत्त्यांचा एक जोड, स्टीलच्या डब्यात पातळ पोह्यांचा चिवडा, पाण्याची बाटली, एक ओला नॅपकिन, आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वेगवेगळ्या मापांच्या लहान मुलांच्या चार-पाच चड्ड्या. ती व्हरांड्यात शिरली की शिपाई उठून विचारायचे, "काकूजी, आज कौन सा बच्चा है?" काकूला 'जी' लावणारे लोक आमच्या ग्वाल्हेरातच मिळतील. मी याच शहरात जन्मले, तीस वर्षं मुलांच्या शिकवण्या घेतल्या, पण मला अजून कुणी 'जी' लावलेलं नाही.

वसुधा जाऊन आठ महिने झाले. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तिच्यावर लिहा, असं मला सांगण्यात आलं, कारण मी तिची सगळ्यात जुनी शेजारीण. हरिशंकरपुरममध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. सांगणाऱ्यांना बिचाऱ्यांना काय माहीत की एवढी सगळी वर्षं मी तिचा हेवा करण्यात घालवली आहेत. आधी साध्यासुध्या गोष्टींचा. कढीपत्त्याच्या रोपाला ताकाचं पाणी मी घालायची, फोफावायचा तिचा. माझी पुरणपोळी तव्यावर फाटायची, तिची कधी फाटली नाही. पुढे मोठ्या गोष्टींचा. पोटचा मुलगा गेलेल्या बाईचा हेवा करणारी बाई किती खालच्या पातळीची असेल, ते मला कुणी सांगायला नको. पण हेवा वाटत होता तो होता, आणि तो लपवून तिच्यावर लिहायचं तर मग नारळ-शाल देऊन मोकळं झालेलं बरं.

तिच्या बोलण्याची एक तऱ्हा होती. चार वर्षांच्या मुलालाही ती 'आप' म्हणायची, मूल मराठी असेल तर 'अहो'. "अहो, चिवडा घेता का?" आणि पन्नाशीच्या वकिलाला सरळ 'तू'. कुणी काही चुकलं, सांडलं, विसरलं की "काही गोष्ट नाही" म्हणायची आणि फडकं आणायला उठायची. पत्ते मात्र ती खुनशीपणे खेळायची. समोर सहा वर्षांचं पोर असलं तरी ती त्याला जिंकू द्यायची नाही. चौकटची अठ्ठी हातात अडवून ठेवायची आणि पोर "पास, पास" म्हणून रडकुंडीला आलं तरी सोडायची नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, लहान आहे ते. एखाद वेळेस हर की." तर म्हणाली, "शुभदा, खोटं हरलेलं मुलांना लगेच माहीत पडतं. मग ती दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर भरोसा नाही करत."

आता ते सांगायला हवं, ज्यामुळे ती पिशवी सुरू झाली. आमच्याकडे काही लोकांना बारातीत बंदूक वाजल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. पंधरा वर्षांपूर्वी, लग्नसराईतल्या एका संध्याकाळी, आमच्या गल्लीतून अशीच एक बारात निघाली होती. वसुधाचा चिनू दहा वर्षांचा आणि माझी सायली नऊची. बँड बघायला दोघं आमच्या गच्चीवर गेली. गच्चीची किल्ली मीच दिली होती. खाली एकानं हवेत गोळी झाडली, ती हवेत गेली नाही. चिनू तिथंच, सायलीच्या शेजारी, पडला.

दुसऱ्या दिवसापर्यंत शे-दीडशे बारातींपैकी एकालाही काही दिसलेलं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्याला एकसारखे गुलाबी साफे, कोण कुठला ओळखायचं कसं? सायलीनं मात्र पाहिलं होतं. त्या माणसानं उकडतंय म्हणून साफा काढून काखेत धरला होता, आणि बंदूक वर करण्याआधी टकलावरून हात फिरवला होता. तिनं जसंच्या तसं पोलिसांना सांगितलं. तो नवऱ्या मुलाचा मामा होता. म्हणजे चिनूला न्याय मिळायचा की नाही, ते माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या जिभेवर आलं.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर तीन तास बसलो. समोरच्या बाकावर मामाची माणसं. ती काही बोलत नव्हती, नुसती सायलीकडे बघून हसत होती. सायलीनं बाकावरच शू केली. फ्रॉक ओला, पायमोजे ओले, आणि वर पुढची तारीख मिळाली. मी तिला तशीच रिक्षात घालून घरी आणलं आणि वाटेत रागावलेसुद्धा. पुढच्या तारखेला वसुधा पिशवी घेऊन आली. तिच्यात चिवडा होता, पत्ते होते आणि सायलीच्या मापाची कोरी चड्डी होती. एक महिना मध्ये गेला होता, आणि मला, आईला, ते सुचलं नव्हतं. जिनं मुलगा गमावला तिला सुचलं. त्या चड्डीचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाच्या दागिन्यांचा वाटला नाही.

ती सायलीच्या शेजारी बसली, समोरच्यांकडे पाठ करून. "अहो, बदाम सात येतं का?" सायली म्हणाली, नाही. मग दोघी खेळल्या. केसबद्दल एक अक्षर नाही. तिच्या वकिलानं तिला बजावलं होतं की साक्षीदार मुलीशी मुलाच्या आईनं काही बोललेलं कळलं तर समोरचे म्हणतील, शिकवून आणलं आहे. वसुधानं तो शब्द असा पाळला की पुढे तोच तिचा धर्म झाला.

मी काय केलं, तेही आता लिहिते. स्मरणिकेत छापणार नसतील तर नको छापू देत. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मधल्या महिन्यात दोन सभ्य माणसं मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे आली होती. यजमान तेव्हा नोकरीसाठी भोपाळला. "बच्ची है, भूल गई होगी. आप ज़रा समझा दीजिए, भाभीजी." धमकी वगैरे काही दिली नाही. निघताना एकानं सायलीच्या शाळेच्या बसचा नंबर सांगितला आणि म्हणाला, "बहुत तेज़ चलाता है ड्राइवर. ध्यान रखिएगा."

मी घाबरले. आमच्याकडे दिवेलागणीला देवापुढे बसून शुभं करोति, मग परवचा, बे ते तीस पाढे, एकही चूक न करता. पाठांतर हा माझा प्रांत. माझ्या हाताखालची मुलं मंडळाच्या पाठांतर स्पर्धेत दरवर्षी पहिली यायची. त्या दिवसापासून तिसाचा पाढा झाला की मी सायलीकडून एक वाक्य म्हणवून घ्यायला लागले. "मुझे कुछ याद नहीं." पाच वेळा, हात जोडून, समईसमोर. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "पण आई, मला तर याद आहे." मी म्हटलं, "म्हण." ती म्हणाली.

आणि भिंतीपलीकडे वसुधा चिनूच्या फोटोसमोर दिवा लावत असायची. मला इकडून तिच्या काडेपेटीचा आवाज यायचा.

तिसऱ्या तारखेला साक्ष झाली. सायलीची आई म्हणून मला आत बसू दिलं, वसुधाला बाहेर थांबवलं. समोरच्या वकिलानं गोड आवाजात सुरुवात केली. "बेटा, ये जो आंटी बाहर बैठी हैं, इन्होंने आपको कुछ सिखाया है?" सायली म्हणाली, "हाँ." वकिलाचा चेहरा उजळला. "शाबाश. क्या सिखाया?" "बदाम सात," सायली म्हणाली. "और ये कि अठ्ठी रोक के रखनी चाहिए." जजसाहेबसुद्धा हसले. मग त्यांनी स्वतः विचारलं, "उस दिन का कुछ याद है, बेटा?" सायलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, पण माझे हात मांडीवर जोडलेले होते, समईसमोर असतात तसे. तिनं नजर काढून घेतली आणि म्हणाली, "याद है. सब याद है."

शिक्षा झाली. पुढे अपील, जामीन, जे काय होतं ते होत राहिलं. आमच्या बसला काही झालं नाही. त्या दिवशी दाराबाहेर आल्यावर सायली माझ्याजवळून धावत गेली आणि वसुधाला बिलगली. वसुधानं तिला विचारलंसुद्धा नाही की आत काय सांगितलंस. "दमलात? आधी चिवडा," एवढंच म्हणाली.

केस संपली, तरी वसुधा कोर्टात जायची थांबली नाही. व्हरांड्यात अशी किती मुलं बसलेली असतात, हे तिला त्या वर्षात दिसलं होतं. कुणी बापाला मारताना पाहिलेलं, कुणी शेजाऱ्याबद्दल सांगायला आलेलं, समोर त्याच माणसांचा बाक. ती त्यांच्याजवळ जाऊन बसायची. मग कोर्टाजवळच जयेंद्रगंजात, स्टेशनरीच्या एका दुकानाच्या वर तिनं एक खोली घेतली. तारखेच्या दिवशी मुलानं व्हरांड्यात न बसता तिथं बसायचं, पुकारा जवळ आला की कुणीतरी हाताला धरून न्यायचं. तिनं आधी एक-दोघांना हाताशी धरलं, मग दहा-बाराजणी आपण होऊन आल्या. रीतसर ट्रस्ट झाला. सगळ्यांना वाटलं, चिन्मय स्मृती वगैरे नाव देईल. मी तर 'बालआधार' असं छान भारदस्त नाव सुचवलं होतं. तिनं नाव ठेवलं 'बदाम सात'. मी म्हटलं, "वसुधा, ट्रस्टला पत्त्यांचं नाव? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "चिनूचं ठेवलं तर मुलं पुसतील, कौन था. मग सांगावं लागेल. त्यांच्याजवळ आधीच पुष्कळ आहे ना गं सांगायला."

खोलीच्या भिंतीवर तिच्या अक्षरात हिंदी आणि मराठीत एकच पाटी होती. 'इथं मुलांकडून काहीही पाठ करून घेऊ नये.'

ही पाटी मला पहिल्या दिवसापासून खुपली. मी आपण होऊन तिथं जायला लागले होते. मुलं नुसती पत्ते कुटत बसलेली बघवेनात, म्हणून एका मंगळवारी मी पाचजणांना ओळीनं बसवलं आणि एक सोपा श्लोक म्हणवून घ्यायला सुरुवात केली. मुलं छान म्हणत होती. वसुधा खालून आली, दारात थांबली आणि तिचा चेहरा एकदम बदलला. मुलांसमोर ती काही बोलली नाही. मला जिन्यात नेऊन म्हणाली, "शुभदा, पाठ नको. दुसरं काहीही कर. चिवडा करून आण, झाडून घे, पण पाठ नको." मी श्लोक आणि झाडू यांची तुलना मनात केली आणि पिशवी उचलून घरी आले. पुन्हा गेले नाही. यजमानांना म्हटलं, "मुलांना माझा लळा लागेल याची भीती वाटते तिला." मला खरंच तसं वाटत होतं.

तिचं नाव होत गेलं. पेपरवाले आले. एकीनं विचारलं, "आपने उस आदमी को माफ़ कर दिया?" सगळ्यांना ठाऊक असतं की याचं उत्तर काय द्यायचं असतं. वसुधा म्हणाली, "नहीं. बिल्कुल नहीं किया. ठीक से लिखिएगा." त्याबरोबर फोटो छापून आला, त्यात मी शेजारी उभी होते, माझं कोपर तेवढं आलं. मंडळानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचा सत्कार ठरवला तेव्हा माधवगंजातून शाल आणायला मलाच पाठवलं. मी मुद्दाम फिकट, मळखाऊ, आजारी रंगाची आणली. तिनं ती खांद्यावर घेतली, हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "शुभदानं आणली. केवढी नरम आहे." पुढे हिवाळाभर ती तीच शाल पांघरून फिरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण राग गेला नाही.

खरा घाव पुढे होता. सायली शिकायला पुण्याला गेली, तिथं चांगल्या नोकरीला लागली. मी वर्षभर फोनवर म्हणत होते, ये, इकडे ये, आता आमचं वय झालं. आली नाही. मग एके दिवशी वसुधाचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि सायलीनं आठवडाभरात नोकरी सोडली. बॅग घेऊन दारात उभी. "काकूला जमत नाहीये. 'बदाम सात' मी बघणार आहे." सुट्टीला येते आहे असं समजून मी तिच्यासाठी गूळपोळ्या करत होते, त्या तशाच टाकून खोलीत जाऊन बसले. माझ्यासाठी जी आली नाही ती हिच्या गुडघ्यांसाठी आली. चिनूच्या बदल्यात देवानं हिला माझी मुलगी दिली, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य खोडावंसं वाटतं आहे, पण म्हटलं होतं.

महिनाभरानं मी सायलीजवळ विषय काढला. आता तू मुख्य आहेस, तर ती पाटी काढ. मीही येत जाईन, मुलांना चार श्लोक, पाढे शिकवीन. तुमच्या काकूचं ते खूळ होतं, झालं तेवढं पुरे.

सायली भाजी निवडत होती. ती थांबली. "ती पाटी मी नाही काढू शकत, आई."

"का? काकू नाराज होईल?"

"तुला खरंच माहीत नाही?" तिनं माझ्याकडे बघितलं. तसंच, कोर्टात बघितलं होतं तसं. "दुसऱ्या तारखेला, पत्ते खेळताना, तू आत काहीतरी पुसायला गेली होतीस तेव्हा, मी काकूला सांगून टाकलं होतं. की आई रोज परवच्यानंतर पाच वेळा 'याद नहीं' म्हणवून घेते."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. काकूनं हातातले पत्ते उलटे ठेवले आणि उठून नळावर गेली. खूप वेळ आली नाही. मला वाटलं, आता रागवेल. तोंड धुऊन आली, बसली, आणि म्हणाली, अहो, तुमची पाळी आहे."

"एवढंच?"

"मी पुसलं, मग मी कोर्टात काय सांगू? ती म्हणाली, ते मी नाही सांगणार, कुणीच नाही सांगायचं. आणि म्हणाली, आई घाबरली आहे ना, म्हणून करते. आईवर नाराज नाही व्हायचं."

चौदा वर्षं. तिच्या मुलाला कुणी मारलं ते सांगणारं एकच तोंड होतं, आणि ते मी शिवून टाकत होते, हे तिला त्याच दिवसापासून ठाऊक होतं. ती सायलीला एका शब्दानं वळवू शकली असती. तिनं वळवलं नाही. त्यानंतर ती माझ्याकडे चहाला आली, माझ्या हातून हळदीकुंकू लावून घेतलं, माझी शाल पांघरली. पाटी लावली, पण तिच्यावर माझं नाव लिहिलं नाही. आणि मी समजत होते की तिनं माझी मुलगी हिरावली. सायली माझ्यावर कधी चिडली नाही, कधी तुटून वागली नाही, ते कुणाच्या सांगण्यावरून, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोर्टात गेले. जिना चढवत नसल्यामुळे वसुधा पुन्हा व्हरांड्यातल्या बाकावर बसायला लागली होती. माझी ती आजारी रंगाची शाल एका लहान मुलीच्या पायांवर टाकलेली. मुलीच्या पलीकडे तिची आजी. वसुधा पत्ते पिसत होती.

"ये, शुभदा. बसून जा. चौघी असलो की डाव रंगतो."

मी बसले. वाटेत ठरवलेलं बोलायला लागले. "वसुधा, मला काल माहीत पडलं. त्या वेळेस मी सायलीकडून..."

"इथं केसची गोष्ट नाही करायची," ती पत्ते वाटता वाटता म्हणाली. वर बघितलं नाही. "नियम आहे."

मी हातातले पत्ते लावले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे बदाम कुठले आणि चौकट कुठले, ते दिसेना. मुलगी उतावीळ झाली होती. "बदाम की सत्ती किसके पास है? जिसके पास है वो शुरू करे." आजीनं आपले पत्ते चाळून मान हलवली. मग वसुधा चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "काही गोष्ट नाही, शुभदा. आरामात बघ. तुझीच पाळी आहे."

सत्ती माझ्याकडेच होती. मी ती बाकावर ठेवली.

पंधरा दिवसांनी वसुधा झोपेतच गेली. पिशवी आता सायलीच्या खांद्याला असते आणि शिपाई तिला 'दीदीजी' म्हणतात. चिवडा मी करून देते. खोली झाडायलाही मंगळवारी जाते, पाटीवरची धूळ तेवढी आधी पुसते.

त्या दुपारी वसुधानं चौकटची अठ्ठी शेवटपर्यंत अडवून धरली. मी चार वेळा पास म्हटलं, तिनं सोडली नाही. डाव तिनंच जिंकला, माझ्या हातात सहा पत्ते राहिले. मग मुलीच्या नावाचा पुकारा झाला. वसुधा गुडघ्यावर हात टेकून उठली, म्हणाली, "चलिए," आणि मुलगी माझ्याकडे एकदासुद्धा न बघता तिचा हात धरून चालू लागली. शाल बाकावरच राहिली होती. ती देण्याच्या निमित्तानं मी उठले, पण तोवर दोघी दारापाशी पोचल्या होत्या. खरं सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला.